घरातल्या भंगारातून मुलांसोबत उसाचा ट्रॅक्टर: चाकं फिरत नाहीत, काय करू?

पहिलं_गेट

नमस्कार मंडळी. बेळगावात टिळकवाडीत राहते. शाळांना सुट्टी पडलीय आणि घरात माझा सात वर्षांचा मुलगा आणि शेजारची आठ वर्षांची मुलगी अशी जोडगोळी दिवसभर आहे. दोघांना उसाचा ट्रॅक्टर करायचाय. साधा नाही, मागं दोन ट्रॉल्या जोडलेला, हंगामात चिकोडी-निपाणीकडे दिसतो तसा. विकत आणायचा नाही हे त्यांचं त्यांनीच ठरवलं, कारण शेजारणीच्या (म्हणजे त्या मुलीच्याच) मते दुकानातल्या ट्रॅक्टरला एकच ट्रॉली असते आणि तीही रिकामी.

जमवलेला माल असा: टूथपेस्टची खोकी, चहापत्तीचा मोठा खोका, पाण्याच्या बाटल्यांची टोपणं, लोणच्याच्या बरणीची दोन झाकणं, आईस्क्रीमच्या लाकडी काड्या, एक मोडकी छत्री, अगरबत्तीच्या काड्या. इंजिनाचा भाग झकास झालाय. संपलेल्या स्केचपेनचा सायलेन्सरसुद्धा आहे.

खरं चाकं फिरत नाहीत. टोपणाला मधोमध भोक पाडून अगरबत्तीची काडी घातली आणि ती खोक्यातून आरपार काढली. ढकललं की गाडी घसरते, चाकं जागची हलत नाहीत. एक तर तिरकं होऊन खोक्यालाच घासतंय.

दुसरं असं की भोकं पाडायचं काम मुलांना द्यावं का? सध्या ते मी आणि गॅसवर तापवलेला खिळा असे दोघंच करतोय.

निपाणी_फाटा

काय ओ ताई, ट्रॅक्टर म्हटल्यावर आमच्याकडंच यायचं की! आधी सांगा, पुढची चाकं बारकी आणि मागची मोठी केलीत का? नसेल तर तो ट्रॅक्टर नव्हे, टेंपो झाला.

पहिलं_गेट

हो ओ दादा. बरणीची झाकणं मागं, टोपणं पुढं. ते मुलांनीच सांगितलं, मला विचारलंसुद्धा नाही.

उद्यमबाग

ताई, माझं उद्यमबागेत लेथचं छोटं वर्कशॉप आहे. दिवसभर शाफ्ट आणि बुश (आस आणि तो ज्यात फिरतो ती नळी) याच गोष्टी हाताखाली असतात, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. जरा लांबण लागेल.

चाक फिरवायचे दोन मार्ग. एक, आस जागच्या जागी पक्का आणि चाक त्याच्यावर मोकळं. बैलगाडीचं असं असतं. दोन, चाकं आसाला घट्ट आणि अख्खा आस चाकांसकट फिरतो. रेल्वेच्या डब्याचं असं असतं. तुमच्या गाडीत दोन्हींची खिचडी झालीय. काडी खोक्याच्या भोकात आवळून बसलीय आणि टोपणही काडीवर अर्धंमुर्धं आवळून बसलंय. मग फिरणार काय?

तुम्ही म्हणाल, टोपणाचं भोक मोठं करते, म्हणजे पहिला मार्ग झाला. करू नका. टोपणाचा पत्रा जेमतेम एक मिलीमीटर जाडीचा. एवढ्या पातळ भोकावर चाक सरळ उभं राहतच नाही, ते कलतं आणि खोक्याला घासतं. बैलगाडीच्या चाकाला मध्ये लांबलचक तुंबा (आस ज्यातून जातो तो जाड ठोकळा) असतो तो काय उगीच? तुमच्या टोपणाला तुंबा नाही, म्हणून रेल्वेचा मार्ग धरा.

नळी हवी. पूर्वी लोक सरळ स्ट्रॉ वापरत, पण १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर देशभर बंदी आहे, आणि कागदी स्ट्रॉ ओल्या फेविकॉलनं मऊ पडते. त्यापेक्षा संपलेल्या बॉलपेनाची बॉडी घ्या. दोन्ही टोकं कापली की सुंदर बुश तयार. ती खोक्याच्या पोटाला आडवी चिकटवायची, तिच्यातून काडी आरपार, आणि काडीच्या दोन टोकांना चाकं घट्ट. काडी अगरबत्तीची नको, ती वाकडी असते आणि वजनानं आणखी वाकते. कबाब भाजायची बांबूची सळई असेल तर उत्तम. छत्रीची काडी आसाला घेऊ नका. निरखून बघा, ती गोल नसते, पन्हळीसारखी असते, नळीत खरवडत फिरेल. ती ट्रॉलीच्या कडांना ठेवा, तिथं शोभेल.

आता तिरकं चालण्याबद्दल. दोन कारणं असतात. एक, भोक मध्यावर नाही. टोपण कागदावर ठेवून पेन्सिलनं गोल काढा, तो गोल कापा, घडी घालून अर्धा करा, पुन्हा घडी घालून पाव करा. उलगडल्यावर घड्या जिथं एकमेकींना कापतात तोच मध्य. हा कागद टोपणावर ठेवून टोचायचं. मुलांनाच करू द्या, त्यांना हे फार आवडतं. दुसरं कारण, दोन आस एकमेकांना समांतर नसतात. पट्टीनं डाव्या बाजूचं पुढच्या-मागच्या नळीतलं अंतर मोजा, मग उजव्या बाजूचं. दोन मिलीमीटरचा फरक असला तरी गाडी भिंतीकडं जाणार म्हणजे जाणारच.

आणि चाक व खोक्याच्या मध्ये एकेक मणी ओवा. तुटलेल्या माळेतला चालेल. वॉशरचं काम करतो.

चाक बोटानं फिरवून सोडलं की दोन-चार फेऱ्या आपण होऊन फिरलं पाहिजे. तोवर रंगाला हात लावू देऊ नका.

निपाणी_फाटा

वाचलं ओ साहेब. तुम्ही एक धडा लिहा पाठ्यपुस्तकात.

खानापूरकरीण

उद्यमबागवाल्या दादांना एक पुरवणी. कबाबची सळई सगळ्यांच्या घरात नसते. आमच्या खानापूर भागात कळक (बांबू) भरपूर. वाळलेल्या कळकाची चिपळी काढून काचेच्या तुकड्यानं किंवा पॉलिश पेपरनं तासली की हवी तेवढी गोल होते. तासायचं काम मोठ्यांचं, कूस बोटात गेली की दिवसभर रडारड.

भोकांबद्दल: पुठ्ठ्याला भोक पाडायला मुलांना अणकुचीदार पेन्सिल द्या, खाली खोडरबर धरायला सांगा. एवढं सहा-सात वर्षांची मुलं व्यवस्थित करतात. टोपणाचं भोक मात्र तुम्हीच पाडा, खिळा सांडशीत घट्ट धरून, खिडकी उघडी ठेवून. प्लॅस्टिक वितळल्याचा वास चांगला नाही.

मागवाली_वडगाव

आमच्यात चाकांचा प्रश्नच येत नाही. वडगावात घरोघरी माग. सूत संपलं की कागदी कोन आणि रिकाम्या कांड्या (सूत गुंडाळायच्या नळ्या) राहतात, त्या पोत्यानं पडलेल्या असतात. माझी पोरं कोनाचं काय काय करूलाल्यात बघायला या! सध्या काँक्रिट मिक्सरची गाडी चाललीय. कोन आडवा ठेवायचा, निमुळतं टोक मागं, आणि आत मूठभर तांदूळ घालून दोन्ही तोंडं कागदानं बंद. कोन फिरवला की आत खडखड वाजतं, अगदी खडी फिरल्यागत.

ताई, तुमच्या ट्रॅक्टरला कोन नको, खरं कांडी हवी असली तर सांगा. शहापूर-वडगाव-अनगोळमध्ये कुठल्याही मागवाल्याला विचारा, मोडकी कांडी कुणी पण देतो. आरपार भोक आयतंच असतं, तुंबा पण आयता.

उद्यमबाग

मागवाली वहिनी, हे मला सुचलंच नसतं. कांडी आडवी कापून दोन-दोन इंचांचे तुकडे केले तर बैलगाडीच्या पद्धतीचं चाक सुद्धा जमेल.

अथणीचा_आज्जा

आमच्या लहानपणी ना पेन हुतं ना टोपण. कडब्याची गाडी करायचो. सुगी झाल्यावर जोंधळ्याचं वाळलेलं धाट घ्यायचं. वरची साल नखानं उभी सोलायची, लांब पट्ट्या निघतात. आतला गाभा पांढरा, मऊ, हलका. गाभ्याचे तुकडे म्हणजे लाकूड आणि सालीचे तुकडे म्हणजे खिळे. गाभ्यात साल टोचली की घट्ट बसते, डिंक लागत नाही, सुतळी लागत नाही. जू, धुरा, साटा, सगळं त्यातच. आसाला बाभळीचा काटा. चाकं गाभ्याच्या चकत्यांची, नाहीतर ओल्या मातीची वाळवून.

फक्त साल जपून. धार असते, बोट कापतंय. आम्ही चिरलेलं बोट तोंडात घालून पुढचं काम करायचो.

बैल मातीचे. ज्येष्ठातल्या अमावास्येला, मण्णेत्तीन अमावास्येला आमच्याकडं मातीचे बैल पुजतात. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी ते बैल आमच्या गाडीला. आई ओरडायची, देवाचे बैल गाडीला जुंपतंय म्हणून. आज्जी म्हणायची, जुंपू दे, बैल बसून काय करणार.

आता आमच्या शेतात ऊस, कडबा विकत आणायची वेळ. तरी पेंढीभर कुठंही मिळेल. ताई, ट्रॉलीत ऊस म्हणून काय भरणार हाय?

पहिलं_गेट

आज्जा, तुमच्या आज्जीला नमस्कार.

ऊस म्हणून खराट्याच्या काड्या. मुलांनी कापून मोळ्या बांधल्यात, दोऱ्यानं. वाढ्यांसाठी (उसाच्या हिरव्या शेंड्यांसाठी) टोकाला हिरव्या क्रेप कागदाची झालर लावायची की नाही यावर भांडण चालू आहे. कारखान्याला जाणाऱ्या उसाला वाढं नसतं असं शेजारणीचं म्हणणं. तिचे आजोबा गोकाककडचे, ऊसवाले. ती कन्नडमधून भांडते, आमचा मराठीतून, आणि दोघांनाही सगळं कळतं.

निपाणी_फाटा

पोरगी बरोबर हाय. वाढं शेतातच तोडत्यात, जनावराला घालत्यात. हरला तुमचा मुलगा.

चिंचेखाली

विषय थोडा बाजूला नेतो, माफ करा. शाळेत "टाकाऊतून टिकाऊ" नावाचा प्रकल्प येतो त्याबद्दल कुणीच बोलत नाही. आमच्या मुलीच्या शाळेतून (नाव नको) चिठ्ठी आली: दोन बाटल्यांची गाडी, लांबी एक फूट, रंग सोनेरी, उद्यापर्यंत. रात्री दहा वाजता टाकाऊ बाटली कुठून आणायची? खडे बाजार बंद. शेवटी दुकानातून कोल्ड्रिंकच्या दोन बाटल्या आणल्या आणि अर्ध्या मोरीत ओतल्या. सोनेरी स्प्रेचा डबा वेगळा. टिकाऊ करायला टाकाऊ विकत घेतलं. गाडी बायकोनं केली, मुलगी झोपली होती. वर्गात बक्षीस मिळालं. कुणाला, ते विचारू नका.

खानापूरकरीण

दादा, मी खानापूर तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून थोडी बाजू घेते. सगळ्या शाळा अशा नाहीत. आमच्याकडे हे काम वर्गातच होतं, घरी पाठवतच नाही. प्रत्येकानं घरून एक वस्तू आणायची, सगळ्यांच्या वस्तू मध्ये ढिगात, आणि चौघांत मिळून एक गाडी. ती चालली पाहिजे एवढीच अट. वर्गातल्या पाटावरून, खाली दोन पुस्तकं ठेवून सोडतो. जिची सगळ्यात लांब गेली तिला सगळे विचारतात तू काय केलंस. मला काही सांगावं लागत नाही.

ही कल्पना माझी नाही. पुण्याचे अरविंद गुप्ता हे काम कित्येक वर्षं करत आलेत. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कचऱ्यातून खेळणी करत आणि शिकवत राहिले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर शेकडो खेळणी फुकट बघायला मिळतात, मराठीतही.

चिंचेखाली

तुमच्या शाळेत जागा आहे का बाई? मुलीसाठी नाही, माझ्यासाठी.

पण तरी माझा मुद्दा राहतोच. वर्गात चाळीस मुलं, एक बाई, आणि पोर्शन. सगळ्यांना जमणारं नाही हे.

खानापूरकरीण

चाळीस असतील तर दहा गाड्या होतात. पोर्शनचं म्हणाल तर ते खरं आहे, मी त्यावर भांडणार नाही.

पहिलं_गेट

चाललं!!! पेनाची बॉडी + बांबूची सळई + मणी. मध्य काढायची घडीची युक्ती मुलांनी सगळ्या झाकणांवर करून झाली, अगदी कुकरच्या रिंगवर सुद्धा. ट्रॅक्टर हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जातो.

आता पुढची मागणी. "आपोआप चालला पाहिजे." जुन्या रिमोटच्या गाडीतली मोटर काढून देऊ का?

चिंचेखाली

मोटर, दोन पेन्सिल सेल, स्विच. अर्ध्या तासाचं काम.

खानापूरकरीण

पेन्सिल सेल ठीक. घड्याळातले, रिमोटमधले चपटे बटण सेल मात्र चुकूनही देऊ नका, विशेषतः घरात त्याहून लहान मूल येत-जात असेल तर. गिळला तर अन्ननलिकेत अडकून काही तासांत आतून भाजतं. गिळल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय करत बसायचं नाही, थेट दवाखाना. मणी आणि टोपणं सुद्धा तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाताला लागू देऊ नका.

उद्यमबाग

मी मोटरच्या विरुद्ध आहे. धोक्यामुळं नव्हे. मोटर लावली की मुलाला कळतं एवढंच की स्विच दाबला की चालतं. ते त्याला आधीच माहीत आहे. रबर लावा, मग आत काय चाललंय ते डोळ्यांनी दिसतं.

पद्धत: मागच्या आसावर मधोमध सेलोटेपनं टाचणीचं डोकं किंवा काडीचा बारीक तुकडा बसवा, छोटासा खुंटा. त्यासाठी मागची नळी मध्ये तोडून दोन तुकड्यांत बसवावी लागेल, म्हणजे आस मध्ये उघडा राहील. रबराचं एक टोक गाडीच्या नाकाशी बांधायचं, दुसरं खुंट्यात नुसतं अडकवायचं. बांधायचं नाही. मागची चाकं उलटी फिरवा, रबर आसावर गुंडाळलं जाऊन ताणतं. सोडलं की उलगडतं आणि आस फिरवतं. सगळं उलगडलं की खुंट्यातून सुटतं आणि गाडी पुढं मोकळी धावते. बांधलेलं असेल तर रबर पुन्हा उलटं गुंडाळायला लागतं आणि गाडी जागच्या जागी ब्रेक मारते.

तुमची मागची चाकं बरणीच्या झाकणांची, म्हणजे धरा ७ सेंटिमीटर. एका फेऱ्यात गाडी साधारण २२ सेंटिमीटर जाते. बाटलीचं टोपण सुमारे ३ सेंटिमीटर, त्याचा एक फेरा ९ सेंटिमीटरच्या आसपास. चाकाला खडूची खूण करून शहाबादी फरशीवर मोजायला लावा. मोठं चाक लांब नेतं पण सुरुवातीला जोर कमी पडतो, ट्रॉली जोडली तर जागची हलणार नाही. तेव्हा मुलं स्वतःच म्हणतील चाक बदलूया.

झाकण गुळगुळीत असतं, फरशीवर जागच्या जागी घसरेल. फुटलेल्या फुग्याची किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबची रिंग कापून चाकावर चढवा. टायर झाला.

मागवाली_वडगाव

रबराचं आणि एक हाय. रिळाचा रणगाडा. शिवणाचं रिकामं रीळ, आरपार रबर. एका बाजूला काडेपेटीची अर्धी काडी टेपनं पक्की. दुसऱ्या बाजूला मेणबत्तीची चकती, मध्ये भोक पाडून, आणि चकतीवरून लांब काडी रबरात अडकवायची. लांब काडी गरागरा फिरवायची आणि जमिनीवर सोडायचं. काडी जमिनीला टेकते, मग रीळच सरकायला लागतं. अगदी हळू, खरं पुस्तकावर सुद्धा चढतं. मेणाची चकती नसली तर साबणाची चालते, गुळगुळीत काहीतरी मध्ये पाहिजे.

दक्षिण_उत्तर

आमच्याकडे फुग्यावरची गाडी आहे. फुग्याच्या तोंडात पेनाची नळी रबरानं बांधलेली, नळी मागं तोंड करून. फुगवून सोडलं की हवा मागं, गाडी पुढं. गाडी हलकी हवी, टूथपेस्टचा खोका पुरे. मुलगा विचारतो, मागं भिंत नसेल तरी जाते का? जाते. बाहेरच्या हवेला ढकलून नाही, फुग्यातून निघणाऱ्या हवेच्या उलट्या धक्क्यानं. म्हणून तर रॉकेट पोकळीतही चालतं.

आमच्या गाड्यांत एक लालपरी आहे आणि एक कर्नाटकची बस. भावाच्या मुलानं मध्ये अगरबत्तीचा कोगनोळी टोलनाका केलाय. सीमेवर जरा काही झालं की खऱ्या बस बंद पडतात, आमच्या दिवाणखान्यातली सेवा अखंड चालू आहे.

निपाणी_फाटा

टोल किती घेतोय?

दक्षिण_उत्तर

एक शेंगदाणा. फास्टॅग चालत नाही.

सुट्टीतला_पाव्हणा

एक विचारायचं होतं. अशा गाड्या बऱ्याच केल्या तर गणपतीत स्टॉल लावून विकता येतील का? गोकाकची रंगीत खेळणी, सावंतवाडीची लाकडी खेळणी विकतात तशी.

चिंचेखाली

घरी खेळायला काही अडचण नाही, विकायचं तर नियम बघा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकनाच्या नोंदणीकृत उत्पादनांना त्यातून सूट आहे. टोपणांचा ट्रॅक्टर त्यात बसणार नाही. त्यापेक्षा स्टॉलवर मुलांना बसवून करून घ्या, ते जास्त चालेल.

पहिलं_गेट

रबरावर ट्रॅक्टर चालतो. एकटा. ट्रॉली जोडली की गडबड. पहिली ट्रॉली भरली की ट्रॅक्टरचं मागचं अंग वर उचलतं आणि चाकं हवेत फिरतात. दुसरी जोडली की ती शेपटागत डावी-उजवी हलते आणि उलटते. ट्रॉलीला मध्ये एकच आस आहे, दोन चाकं. काय करावं?

आणि खळ चालेल का चिकटवायला? फेविकॉल वाळेस्तोवर मुलांना धीर नाही. वळीव चालू आहे, हवा दमट.

निपाणी_फाटा

आता आमचं काम आलं. मी स्वतः हंगामात ट्रॅक्टर चालवतो.

ताई, भार आसाच्या मागं पडलाय. दोन चाकी ट्रॉलीत ऊस मागं जास्त झाला की पुढचा हूक वर उठतो आणि ट्रॅक्टरला पण घेऊन उठतो. भरताना ऊस आसाच्या थोडा पुढं सरकवून भरायचा, म्हणजे हूक खाली दाबून राहतो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावर वजन येतं. चाकाला पकड पण मिळते. फार पुढं पण नको, नाहीतर तोंड जड होऊन पुढची चाकं उचलतील. खऱ्या ट्रॅक्टरला घाटात हेच होतं, दोन माणसं बॉनेटवर बसवायची वेळ येते (तुम्ही बसवू नका, बेकायदा आहे).

हूक खाली लावा, आसाच्या उंचीला. वर लावला की ओढताना ट्रॅक्टर मागं वाकतो. हुकाला सेफ्टी पिन बेस्ट, खरं टोक बंद करून टेप लावा.

दुसरी ट्रॉली हलते ती जोड ढिला असल्यानं. जोड आवळा आणि ऊस खालच्या थरात जड, वर हलका. आणि तिथं तुमची गाडी भरधाव सुटत असेल रबरावर. दोन ट्रॉल्यांची गाडी भरधाव जात नाही ओ. रबर कमी पिळा.

एक शेवटचं, हसू नका. ट्रॉलीच्या मागं रेडियम लावा. चॉकलेटची चांदी कापून लाल-पिवळी करा, चालेल. रात्री मागून येणाऱ्याला ऊस दिसत नाही, काळा डोंगर असतो नुसता. दरवर्षी आमच्या रस्त्याला माणसं मरतात त्यामुळं. पोरांना आत्ताच सवय लागू दे.

खानापूरकरीण

दादा, हे फार बरं सांगितलंत. मी वर्गात वापरणार.

ताई, खळ चालेल. मैदा पाण्यात गाठी न होता कालवून मंद आचेवर ढवळत शिजवा, पारदर्शक झाली की उतरवा. कागद आणि पुठ्ठ्याला उत्तम, प्लॅस्टिकला अजिबात नाही. पोस्टर लावणारे कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, तुम्ही घालू नका, विषारी असतं आणि मुलं बोटं चाटतात. फ्रीजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा. प्लॅस्टिकचं काही जोडायचं तर चिकटवू नका, दोऱ्यानं आवळून बांधा. फेविक्विक मुलांच्या हातात नको, बोटं एकमेकांना चिकटतात.

उद्यमबाग

नळी खळीनं चिकटणार नाही. पुठ्ठ्याला दोन भोकं पाडून नळी दोऱ्यानं करकचून बांधा, वरून कागदाची पट्टी खळीनं. सुटत नाही.

पहिलं_गेट

ऊस पुढं सरकवला, हूक खाली आणला. दोन्ही ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर चालतोय, रबर थोडंच पिळून. रेडियम लागलं, दोन्ही ट्रॉल्यांना आणि मुलाच्या सायकललाही.

आता दोघांनी कारखाना काढलाय. कपड्यांच्या हँगरला दोन बाजूंना दह्याचे रिकामे डबे टांगून वजनकाटा केलाय. शेजारणीचं म्हणणं आहे, माझा ऊस जास्त होता, काट्यात कमी भरला.

निपाणी_फाटा

आईगं, एवढ्या लहान वयात काटामारी! हँगर मधोमध टांगलाय का बघा आधी. रिकामे डबे समपातळीत राहतात का? नसतील तर हलक्या बाजूला चिमूटभर माती चिकटवा, मग तोला. आणि पैसे चौदा दिवसांत द्यायचे, कायदा आहे तसा.

अथणीचा_आज्जा

चौदा दिवसांत? ह्या पोरांच्या कारखान्याला ऊस घालतो मी पुढच्या हंगामात.